तळातले तीन पिवळे ठिपके

आमच्या घरात वस्तू हरवत नाही. ती कुणीतरी घेतलेली असते. कात्री जागेवर नसली की आई आधी नाव घेते आणि मग कात्री शोधते. गेल्या दोन वर्षांत हे नाव बहुतेक वेळा माझंच असतं. त्याला कारणही आहे. घरामागच्या टिनाच्या खोलीत माझी करवत आहे, आणि लाकडाची वस्तू दिसेनाशी झाली तर संशय करवतवालीवर जाणारच. एकदा मी फडताळाची जुनी फळी न विचारता कापली होती. सागाची होती, छान वाळलेली, वर्षानुवर्षं कुणी तिच्याकडे बघत नव्हतं. ती गेल्यावर मात्र सगळ्यांना ती रोज आठवू लागली.

म्हणून दसऱ्याच्या सकाळी मोठी आई अवजारांच्या खोलीतून रिकाम्या हातांनी बाहेर आली, तेव्हा मी आपोआप दोन पावलं मागे सरकले. मोठी आई म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. काका आता नाहीत. स्वयंपाकघर एक, शेत एक, आणि आमच्या घरात शेवटचा शब्द बहुधा तिचा.

अंगणात पूजेसाठी विळे, कुऱ्हाड, वखराची लोखंडी पास आणि ट्रॅक्टरची चावी मांडली होती. बाबा ट्रॅक्टरला झेंडूचा हार घालत होते. त्यांची पाठ आमच्याकडे होती.

"चाडं कुठं गेलं?" मोठी आई म्हणाली.

बाबा हार सारखा करत राहिले.

"पावसाळ्यातली पेरणी झाल्यावर म्याच खुंटीले अडकवलं होतं. खुंटी आहे, चाडं नाही."

आईनं माझ्याकडे बघितलं. "जाय व बाई, तुह्या कारखान्यात पाहून ये."

"चाडं म्हणजे कसं असतं?" मी विचारलं.

हा प्रश्न चुकला हे विचारतानाच कळलं होतं. मी बुलढाण्याच्या इंग्रजी शाळेत शिकले. सकाळी साडेसहाला बस यायची, अंधार पडायच्या सुमारास परत सोडायची. आमच्या शेतात बैलांनी ओढायची पेरणीची तिफण चालली ती माझ्या लहानपणी, आणि मी ती लांबून, बसच्या खिडकीतून पाहिली असेल तेवढीच. पुढे बैल विकले, तिफण गेली, ट्रॅक्टर आला.

"अव माय," मोठी आई म्हणाली, "तिफणीचं चाडं. इतकं, लाकडाच्या खोल वाटीवानी. बाई मागं चालते अन् त्यात मूठ सोडते. तळाले तीन भोकं असतात, तिरपी. तीन भोकांतून तीन नळ्यांत बी जाते. तुह्या इंग्लिश पुस्तकात नसन ते."

आई हसली. मी हसले नाही. तीन तिरपी भोकं मी पाहिली होती. एवढंच नाही, मी ती बुजवलीही होती.

मी खोलीत गेले, बघितल्यासारखं केलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "नाही." त्याच दुपारी फळीवरचा माझा लाकडी वाडगा ओढणीत गुंडाळून कपाटात, कॉलेजच्या वह्यांच्या मागे ठेवला.

तो वाडगा माझ्या हातून नीट झालेला पहिला वाडगा होता. एकाच ओंडक्यातून न कोरता वेगवेगळ्या रंगांच्या लाकडांचे तुकडे जोडून वाडगा करायचा, हे मी व्हिडिओ बघून शिकले. बारा तुकड्यांचं एक कडं. प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही बाजू पंधरा अंशांत कापायच्या. कापात अर्ध्या अंशाची चूक झाली तर चोवीस कापांत ती बारा अंशांची होते आणि कडं शेवटी मिटत नाही. माझी कितीतरी कडी अशी तोंड उघडी टाकून राहिलेली आहेत. मिटलेली कडी एकावर एक, विटांसारखे सांधे चुकवून चिकटवायची आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळून दोन दिवस विसरून जायचं. मग ते ओबडधोबड गाठोडं पिशवीत घालून मोताळ्याला न्यायचं. तिथे एका मिस्त्रींचा खराद आहे. ते त्यावर पाळण्याचे पाय आणि लाटणी करतात. मी त्यांना चाचा म्हणते. ते माझा वाडगा खरादावर चढवून गोल करून देतात आणि घरी येताना उरलेल्या तुकड्यांचं पोतं देतात. साग, शिसम, पिवळं हळदू. मला हे काम आवडतं, कारण त्यात मोजावं लागतं आणि बोलावं लागत नाही.

भाद्रपदात त्याच पोत्यात मला तीन काळे तुकडे सापडले होते. जाड, जड, कुठल्यातरी गोल वस्तूचे फुटलेले. लाकूड तेल पिऊन गुळगुळीत झालेलं. प्रत्येक तुकड्यात बोटभर जाडीचं एक भोक. मला वाटलं, पलंगाच्या खुराचे असतील आणि भोकं बोल्टची असतील. भोकं तिरपी होती, तेव्हा मनात आलं की चाचांचा हात आता थरथरतो वाटतं. एवढंच. मी त्या तुकड्यांच्या पाचरी कापल्या, मध्ये मध्ये सागाच्या पाचरी घेऊन तळ केला आणि भोकांत हळदूच्या खुंट्या ठोकून घासून टाकल्या. भोक तिरपं असल्यामुळे खुंटीचं तोंड गोल न दिसता लांबट दिसत होतं, अर्धवट मिटलेल्या डोळ्यासारखं. काळ्यावर तीन पिवळे डोळे. वाडग्याचा तो भाग मी पुन्हा पुन्हा उलटा करून बघायचे.

आता तो वह्यांच्या मागे होता आणि घर चाडं शोधत होतं.

नुसतं शोधणं असतं तर निभावलं असतं. पण हरभऱ्याची पेरणी पंधरा दिवसांवर होती. आमच्याकडे पेरणी ट्रॅक्टरच करतो, तरी तो सुरू व्हायच्या आधी मोठी आई बांधाजवळ चाड्याला हळदकुंकू लावते आणि पहिली मूठ चाड्यातून मातीत सोडते. काका गेल्यावर वावरातलं सगळं बाबांच्या हातात आलं. एवढी एक मूठ तिची राहिली होती.

"चाडं नाही तर मी येऊन काय करू," ती दुसऱ्या दिवशी म्हणाली. रागानं नाही. पोळी लाटता लाटता.

आईनं मात्र निकाल दिला. "पेरणीपर्यंत नाही सापडलं तर त्या टिनाच्या खोलीत सोयाबीनची पोती भरू. ते करवत-बिरवत द्या त्या मिस्त्रीले. पाहुणे पाहायले येतात अन् पोरीच्या बोटाले गोंद."

बाबा टॉर्च घेऊन पुन्हा माळ्यावर चढले. 

सांगून टाकायला हवं होतं, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण सांगितलं असतं तर काय सांगितलं असतं? की चाडं मी कापलं, पण ते माझ्याकडे फुटूनच आलं? यावर कुणी विश्वास ठेवला असता? मला स्वतःलाच प्रश्न पडला होता की ते माझ्या पोत्यात आलं कसं. फुटलेले तुकडे चालत येत नाहीत. कुणीतरी आणून टाकले होते, आणि ते अशा ठिकाणी टाकले होते जिथे त्यांचे आणखी लहान तुकडे होणार हे ठरलेलं होतं. हे कळल्यावर मी घरात वेगळ्या नजरेनं बघू लागले.

आधी आईवर संशय घेतला. लिहायला बरं वाटत नाही, पण घेतला. तिला ती खोली हवी होती. मी तिच्या हालचाली बघू लागले: ती खोलीच्या दाराशी किती वेळ थांबते, मोठ्या आईशी बोलताना आवाज बदलतो का. एकदा ती दळण घेऊन जाताना वळून म्हणाली, "काय पाहून राह्यली व अशी? पोलीस झाली का?" तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मला वाटलं, काहीच नसणं हेच संशयास्पद आहे.

मग चाचांवर. बाजाराच्या दिवशी मी मोताळ्याला गेले. पिशवीत वाडगा होता. रस्ताभर वाक्यं जुळवत होते, आणि दुकानात पोचल्यावर त्यातलं एकही आठवेना. चाचा लाटण्याला पॉलिश पेपर लावत होते.

मी वाडगा उलटा करून पुढे धरला. "चाचा, हे काळं लाकूड तुम्ही दिलं होतं?"

त्यांनी खराद बंद केला. "नाही बेटा. ही बाभूळ आहे. मी बाभूळ घेतच नाही, पटाशीची धार मरते माही."

"मग हे कशाचं आहे, तुम्हाला माहीत आहे?"

"तिफणीचं चाडं होतं ना ते. तिरपे छेद पाहूनच समजलो मी. खरादावर चढवलं तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत?"

"काऊन बोलू? तू भोकांत पिवळी डाट मारून आणली इतकी साफ. मले वाटलं घरची निशानी सांभाळून राह्यली पोरगी. चांगला खयाल आहे म्हटलं." मग त्यांनी पॉलिश पेपर खाली ठेवला. "शक माह्यावर होता का?"

मी खाली बघितलं. जमिनीवर भुसा होता.

"विचारलं ते बरं केलं," ते म्हणाले आणि खराद सुरू केला. "मनात घेऊन गेली असती तर पुढच्या वेळी तुकडे न्यायले आली नसती." त्या दिवशी त्यांनी चहा विचारला नाही. कदाचित गिऱ्हाईक होतं म्हणून. कदाचित नसेल.

घरी परतले तेव्हा ओसरीवर हरभऱ्याच्या बियाण्याची पोती उभी होती. बाबांनी तोंडं बांधून ठेवली होती. मोठी आई बी बघायला आली, तिनं दोरीचं एक टोक ओढलं आणि पोतं एका झटक्यात उघडलं.

मी जागच्या जागी थांबले.

मी पोत्याला दुहेरी गाठ मारते. ती सोडायला मला दात लावावे लागतात. पण भाद्रपदात, ते काळे तुकडे निघाले त्या दिवशी, माझं पोतं एका झटक्यात उघडलं होतं. दोरी सैल पडली असेल म्हणून मी पुढे विचार केला नव्हता. एक टोक ओढलं की सुटणारी ही गाठ बैलाच्या दाव्याची. बैल विकून वर्षं झाली, आणि घरात ती अजून मारणारं माणूस एकच आहे.

पुढचं मग एकेक करून आठवत गेलं. श्रावणात पाऊस लागून राहिला होता म्हणून ट्रॅक्टर अवजारांच्या खोलीत घेतला होता. चाडं शोधताना सगळ्यांत जास्त बाबाच शोधत होते, माळ्यावर चढून, टॉर्च घेऊन, जिथे ते असणं शक्यच नव्हतं तिथे. आणि एक आणखी. त्याच श्रावणात एका संध्याकाळी ते माझ्या खोलीच्या दारात आले होते आणि म्हणाले होते, "तू पोत्यातले सगळे तुकडे कापून टाकतं का? का काही तसेच राहतात?"

मी सांगितलं होतं की सगळे वापरते, लहानातला लहानसुद्धा. मग कडं कसं करतात तेही दाखवलं होतं. पंधरा अंश, चोवीस काप. ते मान हलवत ऐकत होते. माझ्या कामाबद्दल त्यांनी तोवर कधी विचारलं नव्हतं आणि नंतरही विचारलं नाही. तो आठवडा मी खूष होते.

चाड्यापेक्षा या गोष्टीचं मला जास्त लागलं.

तरीही मी त्यांना काही विचारलं नाही. ते त्यांच्या वहिनीला घाबरतात हे मला माहीत होतं. घाबरतात हा शब्द बरोबर नाही. काका गेल्यापासून ते तिच्यासमोर जपून असतात, जणू तिची काही वस्तू त्यांच्याकडे आहे आणि ती कधीतरी परत मागेल. माझ्यावर आळ आला तर मी खोली गमावणार होते. ते खरं बोलले असते तर त्यांनी काय गमावलं असतं, हे मला नीट कळत नव्हतं. एवढं दिसत होतं की त्यांना ते माझ्या खोलीपेक्षा मोठं वाटत होतं.

पेरणीच्या आदल्या दुपारी आई दळणाला गेली तेव्हा मी वाडगा बाहेर काढला, दोन गुडघ्यांत धरला आणि भोक पाडायचं गिरमिट घेतलं. हळदू मऊ असतं. पिवळे वळसे सुटून मांडीवर पडत होते. भोक आधीच्या तिरपेपणानं जायला हवं होतं, म्हणून मी आत बाभळीला टोक लागतंय का ते हातानं अजमावत होते. पहिल्या दोन खुंट्यांची भोकं नीट मोकळी झाली. तिसऱ्या वेळी टोक घसरलं आणि सागाच्या पाचरीची कड नखाएवढी उडाली. मी ती कड शोधून परत चिकटवली नाही.

सकाळी वावरात ट्रॅक्टर उभा होता, मागे पेरणी यंत्र. बाबा यंत्राच्या साखळीला तेल देत होते. आई बियाण्याच्या पोत्याजवळ. मोठी आई आली होती, पण बांधावरच बसली होती, हळदकुंकवाची डबी पदराच्या टोकाला बांधून. मी पिशवीतून वाडगा काढला आणि तिच्या हातात दिला. 

तिनं तो आधी सरळ धरला, मग उलटा केला. अंगठा तळावरून फिरवला आणि एका भोकात घातला. अंगठा तिथेच राहिला.

"हे तू कापलं?"

"हो. मला माहीत नव्हतं ते काय आहे."

"कापलं तू. फोडलं कोणं?"

मी बाबांकडे बघितलं नाही. एवढं मी ठरवलं होतं. मी पेरणी यंत्राच्या साखळीकडे बघत राहिले, आणि साखळीला तेल देणारा हात थांबला.

"श्रावणात ट्रॅक्टर मागं घेताना चाकाखाली आलं, वहिनी," बाबा म्हणाले. "खुंटीवरून पडलं असन."

"पडलं असन," मोठी आई म्हणाली. "श्रावणापासून तुम्ही माह्या हातातून चहा घेऊन नाही राह्यले, भाऊजी. आला की म्हणता, ठेवा, घेतो. म्या तेव्हाच म्हटलं, काईतरी फुटलं. काय फुटलं ते दसऱ्याले समजलं."

"अन् पंधरा दिवस माह्या पोरीवर आळ घेतला?" आई एकदम म्हणाली.

"म्या घेतला? कारखान्यात सोयाबीन तूच भरून राह्यली होती ना."

आईनं पोत्याची ती झटक्यात सुटणारी दोरी सोडायला घेतली आणि बराच वेळ सोडत राहिली. बाबा चिंधीनं हात पुसत होते. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

मोठ्या आईनं वाडग्याला कुंकू लावलं. पाचरींच्या सांध्यावर, काळ्यालाही आणि सागालाही. हरभऱ्याची मूठ भरली, वाकली आणि सोडली. तीन धारा पडल्या. ज्या बाजूची कड उडाली होती तिथून जास्त दाणे गेले.

"एका भोकातून दाट पडून राह्यलं," ती म्हणाली. "अन् सांधा बोटाले लागते."

"घासून देते," मी म्हणाले.

"राहू दे. लागू दे."

मग ट्रॅक्टर सुरू झाला.

वाडगा आता अवजारांच्या खोलीत तिच्या खुंटीवर असतो. ती त्याला चाडंच म्हणते. माझ्या फळीवर त्याची जागा रिकामी आहे. तसा दुसरा मला अजून जमलेला नाही. खोलीत सोयाबीन आलं नाही. बाबा चहा हातातून घेतात. चाचांकडे मी पुढच्याच बाजाराला गेले आणि काय झालं ते सांगितलं. त्यांनी चहा मागवला.

पण एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. दसऱ्यालाच तिला समजलं होतं तर पंधरा दिवस ती गप्प का बसली? आमच्यापैकी कोण आधी बोलतं ते बघत होती असं मला वाटतं. ती माझी वाट बघत होती की बाबांची, हे मी विचारलेलं नाही, आणि तीही सांगणार नाही.

परवा माझ्या पोत्याची दोरी पुन्हा एका झटक्यात सुटली. आत तुकड्यांवर एक गुळगुळीत लाकडी खुंटी होती, हातभर लांब, एका बाजूला झिजलेली. मी ती कापली नाही. सगळे जेवायला बसले होते तिथे घेऊन गेले आणि विचारलं, "हे काय आहे, आणि कुणाचं आहे?"

"शिवळ," मोठी आई म्हणाली. "बैलाच्या मानेजवळ जुवात घालतात ते." आणि तिनं बाबांकडे बघितलं.

बाबा भाकरी मोडत होते. "पोरीले कापायले दिली," ते म्हणाले. "यावेळी वहिनीले विचारून देतो, असं मनात म्हटलं होतं. राहून गेलं."